चालता चालता बंद पडणारं बोटीचं जुनं लिस्टर डिझेल इंजिन: पाइपातली हवा काढण्याआधी टाकीचं झाकण बघा

लक्षण असं आहे. सकाळी इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या हँडलला सुरू होतं, धूरही स्वच्छ असतो. अर्धा-पाऊण तास बोट छान चालते. मग ठोके विरळ होतात, एक सिलिंडर चुकायला लागतो आणि इंजिन दम लागल्यासारखं थांबतं. एअर काढली, म्हणजे डिझेलच्या पाइपात अडकलेली हवा स्क्रू सैल करून बाहेर सोडली, की पुन्हा सुरू होतं, पुन्हा अर्धा-पाऊण तास चालतं आणि पुन्हा थांबतं.

तुमच्या बोटीवर हेच चाललं असेल आणि इंजिनाला डिझेल वरच्या छोट्या टाकीतून, म्हणजे डे टँकमधून, उतारानं येत असेल, तर पुढचं वाचण्याआधी एक करून बघा. इंजिन मंदावायला लागलं की एअर काढायला धावू नका. टाकीचं झाकण सैल करा आणि कान द्या. ‘सुस्’ असा आवाज येऊन इंजिनानं पुन्हा उचल खाल्ली, तर आजार सापडला. टाकीला श्वास घेता येत नाहीये.

मला हे कळायला अख्खा उन्हाळा गेला. त्या काळात मी सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चांगले नोझल उतरवले, चांगले वॉशर फेकले, आणि एकदा बोगद्याच्या मधोमध अडकले. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमची नॅरोबोट, म्हणजे कालव्यांसाठीची लांब अरुंद बोट, इंग्लंडमध्ये ग्रँड युनियन कालव्यावर असते. इंजिन लिस्टर जेपी-२, दोन सिलिंडरचं, पाण्यानं थंड होणारं, १८ अश्वशक्तीचं. ग्लॉस्टरशायरमधल्या डर्सली गावच्या कारखान्यात दुसऱ्या महायुद्धाच्या आधी घडलेलं. साडेचार इंचांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि साडेपाच इंचांचा स्ट्रोक (पिस्टनची चाल), म्हणजे एकेक सिलिंडर जवळजवळ दीड लिटरचा. कालव्यात त्याला पूर्ण फेऱ्या लागतच नाहीत. निम्म्या फेऱ्यांवर ते शांत ठोके देत राहतं. तो आवाज मी लहानपणी आजोळी ऐकला आहे. कराडजवळच्या मळ्यात विहिरीवर साताऱ्याचं कूपर इंजिन होतं, शेजारच्या वस्तीवर किर्लोस्कर. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या ठोक्यांवरच दुपार सरायची. बोट घेताना नवं, बटणावर चालणारं इंजिन मिळत होतं. मी हेच घेतलं, त्याचं कारण तो मळा आहे.

आता बोगद्याचं सांगते. ब्लिसवर्थचा बोगदा १८०५ साली खुला झाला. लांबी २,८१३ मीटर. आत काठावरून चालायची वाट नाही, छतातल्या हवेच्या विहिरींतून पाणी गळतं, आणि समोरून दुसरी बोट आली तर घासून जाण्याएवढीच जागा असते. आम्ही उत्तरेकडून शिरलो तेव्हा इंजिन वीसेक मिनिटं चाललेलं होतं. साधारण मध्यावर ठोके विरळ झाले. मी टॉर्च घेऊन इंजिनखोलीत गेले, डिझेल संपलं की काय म्हणून टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. टाकी भरलेली. मग पाना घेऊन फिल्टरवरची, पंपावरची एअर काढली, बुडबुडे आले, हँडल मारलं, इंजिन सुरू झालं. पुढे स्टोक ब्रुअर्नचे सात लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे दरवाजांचे हौद) उतरेपर्यंत ते एकदाही चुकलं नाही.

या एका प्रसंगात उत्तराचे तीन धागे होते आणि मला एकही दिसला नाही. टाकी भरलेली असताना इंजिन लवकर बंद पडलं. लॉकमध्ये मंद चालताना बंद पडलं नाही. आणि एअर काढण्याआधी मी झाकण उघडलं होतं.

बुडबुडे दिसले म्हणजे हवा शिरते आहे, हे बरोबर होतं. चुकलं ते पुढचं. मी हवा शिरण्याची जागा शोधत सुटले. फिल्टरचं सील बदललं. बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर सगळे नवे घातले. (जुने तापवून पाण्यात टाकले की मऊ होतात आणि पुन्हा बसतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.) पाइपाचे जोड कापून नवे केले. दोन्ही नोझल तपासायला पाठवले, ते दोन आठवड्यांनी ‘ठीक आहेत’ असा शेरा घेऊन परत आले. दर दुरुस्तीनंतर इंजिन एक-दोन दिवस नीट चालायचं, कारण त्या दिवसांत टाकी अर्धी असायची किंवा आम्ही लॉकच्या रांगेत रखडलेलो असायचो. मला वाटायचं, जमलं. मग टाकी भरून लांबच्या पल्ल्याला निघालो की पुन्हा तेच.

शेवटी आजोळी मामाला फोन केला. विहिरीवरचं ते कूपर त्यानं पंचवीस-तीस वर्षं चालवलं होतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पाइपातली हवा काढत बसलीयस, पण टाकीत हवा जाती का बघितलंस का?” मी म्हटलं, झाकणाला भोक आहे की. तर म्हणाला, “भोक हाय ते खरं. पण उघडं हाय का? आपल्या टाकीला तर झाकणच नव्हतं बघ, करवंटी उपडी घालायचो.”

मी फोन चालू ठेवूनच झाकण काढलं आणि उजेडासमोर धरलं. उजेड पलीकडून आला नाही.

आमची डे टँक तांब्याची, झाकण पितळी. इंजिनखोलीतलं तांबं-पितळ लखलखीत ठेवणं ही इथल्या जुन्या बोटींची रीत आहे आणि मला ती मनापासून आवडते. आजी चिंचेनं देवाची भांडी घासायची त्याच श्रद्धेनं मी दर रविवारी झाकणाला पॉलिश लावत होते. ते पॉलिश दीड मिलिमीटरच्या भोकात थोडं थोडं जाऊन वाळत होतं. भोक पुरतं बंद झालं असतं तर इंजिन पाच मिनिटांत थांबलं असतं आणि कोडं तेव्हाच सुटलं असतं. ते जेमतेम केसाएवढं उघडं राहिलं होतं, म्हणून सगळा घोळ झाला.

आत काय होत होतं ते नीट समजून घ्या, कारण ते समजलं की बाकीचे बिघाड ओळखणंही सोपं जातं. टाकीतून जेवढं डिझेल खाली जातं तेवढी हवा वरून आत यायला हवी. ती आली नाही की डिझेलच्या वरच्या मोकळ्या जागेतला दाब उतरत जातो. उतारानं येणाऱ्या डिझेलमागे जोर असतो तो फक्त टाकीच्या उंचीचा, हातभर उंचीचा. टाकीत थोडा जरी निर्वात झाला तरी तो जोर संपतो. मग पंप डिझेल ओढायला लागतो आणि एरवी ज्या जोडातून फार तर थेंब पाझरला असता त्याच जोडातून हवा आत येते. म्हणजे माझे बुडबुडे खरे होते, पण ते परिणाम होते.

टाकी काठोकाठ भरलेली असली की वर मोकळी जागा थोडी, त्यामुळे थोडंसं डिझेल गेलं तरी दाब झपाट्यानं पडतो. अर्धी टाकी असली की वरच्या हवेचा साठा मोठा, दाब हळूहळू उतरतो. लॉकमध्ये इंजिन मंद चालतं, डिझेल थेंबाथेंबानं लागतं, तेवढ्याला ते केसाएवढं भोक पुरतं. आणि झाकण उघडून डिझेल आहे का पाहिलं की निर्वात मोडतो. खरा उपाय मी प्रत्येक वेळी नकळत करत होते आणि श्रेय पान्याला देत होते.

आणखी एक खूण हातातून निसटली होती. टाकी वर आणि फिल्टर खाली असताना फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल केला की डिझेल बाहेर यायलाच हवं, मग त्यात बुडबुडे असोत वा नसोत. स्क्रू सैल करूनही काही क्षण काहीच आलं नाही, किंवा आत ओढल्यासारखा बारीक आवाज झाला, तर थांबा. आधी झाकण बघा.

खात्री करायची असेल तर इंजिन बंद ठेवून अशी करता येते. टाकी पाऊण भरा आणि झाकण घट्ट लावा. फिल्टरकडे जाणारा पाइप फिल्टरपाशी सोडवा, त्याखाली बाटली धरा आणि कॉक उघडा. धार एकसारखी राहिली पाहिजे. बारीक होत थेंबांवर आली आणि झाकण सैल करताच पुन्हा मोठी झाली, तर दोष भोकाचा. झाकण काढूनही धार बारीकच असेल तर टाकीच्या तोंडाशी किंवा कॉकमध्ये गाळ आहे. आमच्यासारख्या इंजिनाला तासाला एक-दोन लिटरच लागतं, त्यामुळे मोठ्या धारेची गरज नाही. ती थांबता कामा नये एवढंच.

गाळाबद्दल थोडं. आताच्या डिझेलमध्ये थोडं जैवडिझेल मिसळलेलं असतं. ते पाणी धरतं, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात त्या सीमेवर जंतू वाढून काळी चिकट साय धरते. तांब्या-पितळेच्या टाकीत डिझेल फार दिवस राहिलं तर लवकर खराब होतं, ही वेगळी भर. म्हणून दर महिन्याला टाकीच्या तळाचा ड्रेन उघडून पेलाभर डिझेल काचेच्या बरणीत काढा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाला पाण्याचा थर दिसला तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा. हिवाळ्यात बोट उभी करून जाणार असाल तर मोठी टाकी भरून ठेवा, म्हणजे आतल्या रिकाम्या भिंतींवर दव धरणार नाही. छोटी टाकी मात्र रिकामी करून पुसून ठेवलेली बरी.

टाकी इंजिनापेक्षा खाली असेल आणि लिफ्ट पंप डिझेल वर ओढत असेल, तर गणित उलटं होतं. तिथे ओढणाऱ्या बाजूचा जोड गळत असला तरी थेंब बाहेर येत नाही, हवा आत जाते. रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरतं आणि सकाळी इंजिन सुरू होऊन मिनिटभरात मरतं. जोड कोरडे आहेत म्हणून ते चांगले आहेत असं इथे समजू नका. लिफ्ट पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती बसवा आणि इंजिन चालू करून बुडबुडे कुठून येतात ते पाहा. नळी टाकीकडे सरकवत नेली की दोषी जोड सापडतो. काम झालं की ती नळी काढून टाका. इंजिनखोलीतल्या उष्णतेत ती टिकत नाही आणि आगीच्या दृष्टीनंही ती तिथे नको.

एअर काढायची वेळ आलीच तर क्रम मोडू नका. आधी टाकीचा कॉक, मग फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपावरचा, शेवटी नोझलकडच्या पाइपाचा नट. प्रत्येक ठिकाणी बुडबुडे थांबून नितळ डिझेल आलं की डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळा. शेवटी नोझलचे नट आवळून डिकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब मोकळा सोडणारे) उचललेले ठेवा आणि हँडल सावकाश फिरवा. प्रत्येक नोझलमधून ‘कर्र’ असा आखूड आवाज आला की डिझेल आत फवारलं जातंय. तो आवाज ओळखायला शिका. तो नसेल तर हँडल मारून दंड दुखवण्यात अर्थ नाही. नट सैल असताना त्या धारेसमोर हात कधीच धरू नका. नोझलच्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं, आणि वरून टोचल्याएवढी दिसणारी ती जखम थेट शस्त्रक्रियेपर्यंत नेऊ शकते.

सुरूच होत नसेल तर मी आता सगळ्यात आधी धुराकडे बघते. आमच्या बोटीचा धुरांडा इंजिनखोलीच्या छतावर सरळ उभा आहे, हँडल मारताना दुसऱ्या कोणाला तरी वर बघायला सांगायचं. धूर अजिबात नाही, तर डिझेल पोचत नाहीये. पांढरा धूर येतोय पण ठोका पडत नाही, तर डिझेल पोचतंय, जळत नाहीये. मग कारण थंडी, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवेवर पडणारा दाब) किंवा टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ). चालू झाल्यावर काळा धूर येत राहिला तर भार जास्त आहे किंवा हवा कमी पडतेय. तेव्हा बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्यात दोरी-प्लास्टिक अडकलंय का ते आधी पाहा. कालव्यात हे फार होतं.

पांढऱ्या धुराच्या वेळी जेपीच्या मालकांनी हेडच्या (सिलिंडरवरच्या बिडाच्या झाकणाच्या) बाजूची गोल चाकं तपासावीत. ती कॉम्प्रेशन बदलायची आहेत. आत पूर्ण घट्ट फिरवली की ज्वलनाची जागा लहान होऊन कॉम्प्रेशन वाढतं, ते सुरू करण्यासाठी. इंजिन तापून नेटानं काम करायला लागलं की ती बाहेर पूर्ण घट्ट येईपर्यंत फिरवायची. मध्ये कुठेतरी सोडायची नाहीत. दोन्ही टोकांना त्यांची बैठक असते आणि बैठकीवर काजळी बसली की तिथून कॉम्प्रेशन गळतं. वर्षातून एकदा ती काढून साफ केली की हिवाळ्यातल्या सकाळी फरक हाताला जाणवतो.

माझा सकाळचा क्रम सांगते. तेलाची पातळी, रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांवर) तेलकुपीनं दोन-दोन थेंब, थंड करायच्या पाण्याचा मार्ग उघडा, डिझेलचा कॉक उघडा. कॉम्प्रेशनची चाकं आत. जादा डिझेलचा खटका उचललेला. दोन्ही लिव्हर वर. हँडल सावकाश फिरवून ‘कर्र’ ऐकायचं. मग वेग घ्यायचा. इंजिनाच्या जड फिरत्या चाकात जोर साठला की एक लिव्हर पाडायची, तो सिलिंडर पेटला की दुसरी. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत वळवायचा नाही. इंजिनानं उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटलं पाहिजे, अंगठा मोडता कामा नये. मामानं मला हे दहा वर्षांची असताना शिकवलं होतं, हँडलला हात लावायची परवानगी त्यानंतर चार वर्षांनी मिळाली.

ईथरचा फवारा मारू नका. इतक्या जुन्या इंजिनात तो वेळेआधी पेटतो, पिस्टन आणि रिंगांवर घाव पडतो, आणि सुरू न होण्याचं खरं कारण झाकलं जातं. फारच गारठा असेल तर हवा आत जाते तिथे हेअर ड्रायरची गरम हवा दोन मिनिटं दिली तरी पुष्कळ होतं.

सुरू झाल्यावर उभ्या बोटीत तासन्‌तास रिकामं चालवू नका. बॅटरी भरायला म्हणून बरेच जण असं करतात. भाराशिवाय, थंड चालणाऱ्या डिझेल इंजिनाच्या सिलिंडरला आतून गुळगुळीत चकाकी चढते, रिंगा धरत नाहीत, तेल जळायला लागतं. त्यापेक्षा पाच मिनिटं तापू द्या आणि बोट हलवा. बंद करण्याआधीही दोन-तीन मिनिटं मंद चालवा. संध्याकाळी पंख्याच्या दांड्यावरचा ग्रीसचा कप एक फेरा आवळा, म्हणजे रात्री बोटीत पाणी पाझरत नाही. कालव्याचं पाणी थेट इंजिनातून फिरत असेल तर हिम पडण्याच्या रात्री ते काढून टाकायला विसरू नका. गोठलेलं पाणी बिडाचं हेड फोडतं, आणि या वयाचं हेड शोधणं म्हणजे महिनोन्‌महिने फोन करणं.

आता आमच्या झाकणाचं. भोक बारीक तारेनं मोकळं केलं, झाकण रात्रभर डिझेलमध्ये भिजवून वाळलेलं पॉलिश पूर्ण काढलं आणि किडे आत जाऊ नयेत म्हणून आतून बारीक पितळी जाळी लावली. पॉलिश करणं मी सोडलेलं नाही. आता घासण्याआधी भोकात उदबत्तीची जळून उरलेली काडी खोचते, काडीला लाल दोरा बांधलेला असतो. घासून-पुसून झालं की काडी काढायची, झाकण उजेडासमोर धरायचं, पलीकडचं आभाळ भोकातून दिसलं की मगच टाकीवर लावायचं. तो दोरा इंजिनखोलीच्या दाराला हँडलशेजारीच टांगलेला असतो. दोरा जागेवर नसेल तर हँडल उचलायचं नाही, असा घरात सगळ्यांना नियम आहे.

त्यानंतर ब्लिसवर्थचा बोगदा आम्ही चार वेळा टाकी काठोकाठ भरून पार केला.